तार

नव्या प्रतीत तबकडी अलगद उतरते.
हिसका नाही, ओरखडा नाही.
तार पुसलीय त्यांनी.

आमच्याकडे सात रिळं आहेत,
खरसुंडीच्या जत्रेतल्या तंबूची.
आठवं सांगलीत पुराच्या पाण्यात गेलं.
तिसऱ्याला आंबूस वास सुटलाय,
म्हणून समीना खिडकी उघडी ठेवते
आणि एकेक चौकट पुसते
जुन्या मलमलीनं, श्वास धरून.
दिवसाला चारशे.
म्हणजे पडद्यावरचे सतरा सेकंद,
तेही लाइट गेली नाही तर.

काल मिरजेहून दस्तगीरचाचा आले.
चाळीस वर्षं सतारीचे भोपळे कोरलेले हात
मागं बांधून उभे राहिले,
चष्मा कपाळावर, डोळा भिंगाला,
तबकडीच्या वरचा तो केस बघत.

"पोलादी आहे. तीन नंबरची असंल.
ताण बरोब्बर. पण धरणाऱ्याचा हात
थरथरतोय बघ,
मंगळावर उतरताना."

मी विचारलं, तेव्हा दिसली होती?
तंबूत, खाली मातीत बसून?

"दिसली की! अख्ख्या जत्रेला दिसली.
म्हणून काय घाबरलो नाही होय?"

समीना हसली. फाइलला नाव दिलं: तारेसकट.

शेवटाला अकरा मिनिटं काळोख ठेवणार आहोत,
आठव्या रिळाचा.
नुसता काळोख, मशीनची घरघर.
तबकडी परत गेली,
की तिथंच राहिली तार तुटून,
यावर खरसुंडीत
दोन म्हातारे अजून बोलत नाहीत एकमेकांशी.