सातव्या गाण्यातली जागा

मेमरी कार्डात गाणी भरून देतो मी,
दहा रुपयांत मावतील तेवढी.
लाखांदूरच्या बाजारात एका अंगाला चपलांचा ढीग,
दुसऱ्या अंगाला सुकटवाली,
मधात माझे दोन स्पीकर.
महिना झाला, त्यांतून
फक्त हिवराज लांजेवार.

आवाज म्हणजे कसा?
पॉलिश मारलेला तांदूळ.
खडा नाही, कोंडा नाही,
मुठीतून सोडला तर बोटांना कळत नाही
कधी संपला.

नागपूरला काचेच्या खोलीत उभं राहून
त्यानं आठ जुनी गाणी पुन्हा गायली.
मंडईच्या रात्रींची, तनसीवर बसून ऐकलेली,
पहाटेपर्यंत पडदा वर-खाली होणाऱ्या नाटकांतली.
ढोलकी काढून टाकली.
गिटार घातली, तीही लांबच्या गावात वाजल्यासारखी.
रोवणीच्या बाया फोन पिशवीत बांधून धुऱ्यावर ठेवतात
आणि त्याच्या लयीत चिखलातून मागे मागे सरकतात.
लय संथ आहे.
बांधीचा मालक म्हणतो,
या पोरानं माझा रोज अर्धा दिवस खाल्ला.

मूळ गाणीही आहेत माझ्याकडे.
पुस्तकलाबाई मेश्रामची कॅसेट,
कोणीतरी स्टेजच्या कडेला टेप ठेवून भरलेली.
तिचा आवाज कनकीचा, तुटका,
घशाला लागणारा, पण पोटभर.
मागं जनरेटर, कोणाचं लेकरू,
आणि ‘समोरचे खाली बसा’ ओरडणारा एक माणूस,
तोही सुरात.

सातव्या गाण्यात
‘दिवा’ आणि ‘विझला’ यांच्या मधात
ती थांबायची.
एक श्वास. दुसरा अर्धा.
अख्खा मंडप भुईमुगाची टरफलं फोडायचा थांबायचा.

हिवराजनं बाकी सगळं गुळगुळीत केलं,
ती जागा मात्र ठेवली.
गिटारही थांबते तिथं.
पोरं स्टेटसला तेवढाच तुकडा लावतात.
कॉलेजातले ठेंगरी सर कार्ड भरायला आले तेव्हा
चष्मा काढून म्हणाले, इथं विरह आहे.

मग एका बाजाराला ती स्वतःच आली.
औषधांची पिशवी, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली.
स्टूल दिलं, हेडफोन दिला.
डोळे न मिटता ऐकलं तिनं आठही गाणी,
सुकटवालीच्या तराजूकडे पाहत.

‘गोड गाते पोरगा,’ म्हणाली.
‘माह्या आवाजाले इस्त्री मारली यानं.
थांबला बी बराबर.
पन कायले थांबला?’
मी म्हटलं, विरह.

ती एवढी हसली
की चपलावाल्यानं मान वर केली.
‘अरे बाबू, तिथं दिवा हाती घेऊन वराचं असे,
अन् वरलो का विंगेतली पेटी दिसे, तिकिटाच्या पैशाची.
एक डाव कंत्राटदार पराला ना,
माहे तीनशे रुपये घेऊन, पहिल्याच अंकात.
तवापासून त्या जागी आलो का मी पाहो,
बसला हाये का गेला.’

मी गाणं पुन्हा लावलं, मोठ्यानं.
आता मला सगळं माहीत होतं,
पेटी, नोटा, थुंकी लावून मोजणारा अंगठा.
तरी ती जागा आली
आणि माझ्या हातातलं कार्ड
हातातच राहिलं.

तिनं कार्ड भरून घेतलं, हिवराजचंच.
स्वतःची गाणी नको म्हणाली, पाठ हायेत.
कमरेची चंची सोडून दहाची नोट दिली,
मी नको म्हणालो तर
टेबलावर ठेवून वर सुपारीची डबी दाबली,
मग डबी तेवढी उचलली.

पायरी उतरताना गुणगुणत होती,
त्याच्यासारखं, हळू, एकही कणी न तुटता.
‘दिवा’पाशी आली,
थांबली,
मान वळवून पाहिलं
माझ्या गल्ल्याकडे.