शांत एरिया आहे, मॅडम

खैरनार एजंट प्रत्येक दारात हेच म्हणतो,
कुलूप काढता काढताच म्हणतो.
शार्दूल आत जाऊन हॉलच्या मधोमध उभा राहतो,
डोळे मिटून, वीस मिनिटं.
खैरनार माझ्याकडे बघतो.
मी ओटा बघितल्यासारखं करते.

शार्दूल छत्तीसचा आहे.
मनुकांच्या एका व्यापाऱ्याचे हिशेब घरून लिहितो,
आजवर पैशाची चूक नाही.
कुकरची शिट्टी झाली की मात्र भिंतीला पाठ लावून बसतो
आणि उरलेला दिवस त्या शिट्टीत जातो.

त्याची वही माझ्या पर्समध्ये असते.
इंदिरानगर: वरच्या मजल्यावर खुर्ची ओढतात. सात वेळा.
पाथर्डी फाटा: लिफ्टमधली बाई दार लावा म्हणते,
हिंदीत, आत कोणी नसतानाही.
चांदशी: जवळ तीन लॉन्स. लग्नसराईत अशक्य.
मखमलाबाद: द्राक्षबागेत पाखरं हाकायला फटाके. वेळ ठरलेली नाही.
म्हसरूळ: शांत.
त्याखाली, वेगळ्या शाईत:
मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव, जुलैपासून.
शेजारच्या बाईंनी सांगितलं, अभिमानाने.
द्वारकेचं त्याने काहीच लिहिलं नाही.
तिथे तो गाडीतून उतरलाच नव्हता.

नक्की त्रास काय आहे, एका मालकांनी विचारलं.
मी सांगितलं, जेवढं सांगता येतं तेवढं.
मग गोळ्या वगैरे चालू असतील, ते म्हणाले.
दुसरे म्हणाले, एकटेच राहणार? रात्री ओरडत नाहीत ना?
मला हसू आलं.
काका, ओरडतं सगळं जग. हा फक्त ऐकतो.
हे अर्थात मी जिना उतरताना म्हटलं, स्वतःशी.
तिसऱ्यांनी डिपॉझिट दुप्पट केलं, कारण न देता.

तुमच्याकडेच का नाही ठेवत, असं सगळेच विचारतात.
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे.
हसू आलं की ती तोंडावर हात धरते,
सवयच लागली आहे.
शार्दूलला मी हे कधी बोलले नाही.
एका संध्याकाळी, ताटातली कोशिंबीर बाजूला सारत,
तोच म्हणाला, मला दुसरीकडे घर बघ.
हिला मोठ्याने हसायचं असतं.

चौदावं घर देवळाली कॅम्पात.
बैठं, दोन खोल्यांचं, मागे रामफळाचं झाड,
मालकीणबाई लछवानी, कडी वाजवली तर दार उघडतात,
बेल कधीचीच बंद आहे.
मीच खैरनारला म्हटलं, अहो, इथे तोफखाना आहे,
सराव असला की काचा हलतात.
तो म्हणाला, बघून तर घ्या, शांत ए...
आणि मध्येच थांबला. पहिल्यांदाच.

शार्दूल उभा राहिला.
अकराव्या मिनिटाला डोंगरापलीकडून धप्प झालं,
कपाटातले कप एकमेकांना लागले.
मी त्याच्या हातांकडे बघत होते.
हात होते तिथेच राहिले.
डोळे उघडून त्याने विचारलं, हे किती वाजता असतं?
लछवानीबाईंनी ड्रॉवरमधून सूचनेचं कात्रण काढलं:
तारखा, वार, सकाळी आठ ते दुपारी दोन.
त्याने वहीत रकाने आखले आणि सगळं उतरवून घेतलं,
सुट्टीचे दिवससुद्धा.
तोफ सांगून येते, तो म्हणाला.
खुर्ची सांगत नाही.

करार अजून झालेला नाही.
बाईंचा मुलगा उल्हासनगरहून येणार, मग ठरेल.
शार्दूल रोज विचारतो, कोणत्या तारखेला येणार.
मला माहीत नाही, आणि ‘माहीत नाही’ हा त्याला
मिक्सरसारखा ऐकू येतो.

काल रात्री खैरनारचा फोन आला.
काय झालं, मी म्हटलं.
काही नाही मॅडम, तो म्हणाला,
आमचा फ्रीज केवढा घुमतो हो,
बावीस वर्षं घरात आहे, कधी ऐकलाच नव्हता.
मग भाडं पाचशेने कमी होतंय का बघतो म्हणाला.
हळू बोलत होता.