गोंगाट

वीट, स्प्रिंग, हिरवा मार्कर,
घड्याळाच्या मोटरवर फिरणारा
पावत्यांचा कागद —
रोसाउराचा भूकंपमापक
शाळेच्या जिन्याखाली टांगलेला.

तीन दिवस झाले. ताल्काची जमीन
नेमकी आत्ताच शहाण्यासारखी वागतेय.

कागदावर नुसती दुधाची गाडी,
मधल्या सुट्टीतली झुंड,
आणि रोज सकाळी पावणेसातला
एक उंच टोक, एक बुटकं,
उंच, बुटकं,
वर चढत गेलेलं.

"हा गोंगाट. वगळ," ओस्वाल्दो सर म्हणाले.

चौथ्या दिवशी ती पहाटेच येऊन बसली
मफलर गुंडाळून.
शिपाई एलेउतेरिओ, हातात किल्ल्या.
मागच्या मोठ्या हादऱ्यात
डावा पाय भिंतीखाली सापडलेला.

तिनं वगळलं नाही.
तक्त्यात, शेवटच्या रकान्यात लिहिलं:
भूकंप, जुना.
अजून चालतोय.