काठीभोवती गोल

बर्गनच्या त्या दुकानात, एक्क्याण्णव साली,
काचेमागे दोन यंत्रं होती, खिशात मावतील अशी.
एक चष्म्याच्या डबीसारखं उघडायचं,
आत टाइपरायटरची मांडणी, पडदा आठ ओळींचा.
दुसरं नुसता ठोकळा. ओळी दोनच,
आणि अक्षरं शाळेतल्यासारखी रांगेत उभी.

एस्पेन नावाचा पोरगा सांगत राहिला:
इतके पत्ते, इतक्या तारखा, वर गजर.
बाबांनी ऐकून घेतलं.
मग डोळे मिटून दोन्हींची एकेक कळ दाबली,
खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला,
कानाशी धरला.
"ह्या डबीचा बीप उतरलाय," म्हणाले,
"दिवसातून चाळीसदा कोण सोसेल?"
आणि ठोकळा घेतला.
एस्पेनने पावती फाडली, काही न बोलता.

पंचवीस वर्षांचे पियानो त्यांनी त्यात भरले,
एका बोटाने, अख्खा लेंट.
संगणक माझ्या खोलीत होता, पिवळट पडलेला;
मी सोळा वर्षांची, त्याची एकटी मालकीण.
जोडायची केबल ऑस्लोहून येणार होती,
यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीला.
नाकापेक्षा मोती जड, असं काहीसं आई म्हणाली,
आमच्याकडच्या शब्दांत.

बाबांनी केबल घरीच केली. बारीक तारा, कथलाचा डाख,
हात असा स्थिर की मी श्वास रोखून बसले.
लावली.
काहीच नाही.
दोन रात्री काहीच नाही.

तिसऱ्या रात्री माझ्या ध्यानात आलं:
आम्ही तोंडाला तोंड जोडलं होतं, कानाला कान.
दोघं केव्हाची बोलत होती
एकमेकांच्या तोंडात.
दोनची तार तीनला, तीनची दोनला,
मध्ये फुली मारावी लागते.
"हे कळायला मला लग्नानंतर अकरा वर्षं लागली,"
बाबा म्हणाले, डाख सोडवत.

मग आला तो कचरा. चौकोन, टिंबं, हसरे चेहरे.
ते ओळखीचं हसले: "सूर आहे. लय नाही.
एक पळतंय, दुसरं चालतंय."
मी वेग उतरवला, नऊ हजार सहाशेवरून बाराशेवर,
आणि पडद्यावर माणसं उतरू लागली, हळूहळू,
जिन्यावरून उतरावीत तशी.

त्वैतबाई. चौथा मजला. मांजर तारांत झोपतं.
दिवेकऱ्याचं घर. खारा वारा, खालचे सूर सुजलेले.
होर्दनेस. मुलगा गेल्यापासून झाकण उघडत नाहीत.
तरी दरवर्षी जाणे. कॉफी घेणे.

फक्त एक घोटाळा.
छेद दिलेल्या शून्यासारखं आमचं ते अक्षर
यंत्राने कुठेच ओलांडू दिलं नाही.
त्याच्या जागी एक उभी काठी.
निम्मं शहर काठ्यांनी भरलं.
आई ब्यर्ग; तिच्या नावाच्या पोटातही काठी.
ती चष्मा लावून वाकली,
शेवटून दुसरी ओळ मोठ्याने वाचली:
ब्यर्ग. घरचा. शेवटचं जुळवणं: त्र्याऐंशी.
आणि पुढे एक शब्द, बाकी.

बाबांनी कान खाजवला.
त्या शनिवारी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही;
एकच सूर, पुन्हा, पुन्हा, थोडा वर, थोडा वर.

पुढे एका हिवाळ्यात त्यांनी बॅटरी बदलायला उशीर केला
आणि ठोकळा सगळं विसरला.
फ्लॉपी माझ्याकडे आहे. ती वाचणारं आता काही नाही.
उरले ते चौदा पानांचे कागद,
कडेला भोकं असलेले, फिकट छापाचे,
ज्यांवर आईने कधीतरी, कुणाला न सांगता,
पेन्सिलीने
प्रत्येक काठीभोवती एक गोल काढला आहे.
होर्दनेसच्या ओळीत काठी नव्हती.
तिथे नुसता कॉफीच्या कपाचा डाग.