अठ्ठावीस बाय सतरा

टेप ऑफिसच्या कपाटात, किल्ली हेडसरांकडे,
हेडसर अमळनेरला मीटिंगला.
म्हणून हर्षालीला म्हटलं, तूच मोज.
पाण्याच्या टाकीपासून खिचडीच्या शेडपर्यंत
अंगठ्याला टाच लावत ती चालली
आणि मधेच थांबून म्हणाली,
म्याडम, आम्हा दोघींची चप्पल एकाच नंबरची होती.
मी काही बोलले नाही.
वहीत लिहिलं : लांबी अठ्ठावीस, रुंदी सतरा.

जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात,
त्यांत पेन्सिली जातात, गोट्या जातात,
गेल्या वर्षी प्राजक्ताचं एक पैंजण गेलं.
काडीने दुपारभर उकरलं तिने, नाही सापडलं.
खणताना लक्ष ठेवा,
एवढं मी पोरांना सांगून ठेवलंय.

दगा नानांना कमान हवी.
संगमरवरी पाटी, तिच्यावर देणगीदारांची नावं,
सगळ्यात वर कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही,
फक्त खिशातला पेन सरळ केला.
बाविस्कर सर म्हणाले, स्मारक या नावाने निधी नाही,
परसबाग म्हणा, परसबागेचा फॉर्म आहे.
फॉर्मात रकाने : वाफे किती, लाभार्थी किती.
मी एकशे तेरा लिहिलं,
मग तीनाचे दोन केले.
खाडाखोडीवर सही लागते म्हणे. केली.

चित्र आधीच काढलं होतं. मधोमध पारिजातक,
नावाचंच झाड, मास्तरणीला दुसरं काय सुचणार,
भोवती गोल विटा, विटांना चुना.
कागद घेऊन तिच्या घरी गेले.
तिची आई पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होती.
तिने हातात घेतला तेव्हा कागद उलटा होता.
तसाच पाहिला, बराच वेळ.
मग म्हणाली,
फुलं तिले नही आवडेत. मिरची लावा.
तिखटनी भलती हावरी व्हती,
डोयाले पानी ये, नाक गळे, तरी मांगे.
आनि प्राजक्ता ते शायामानं नाव शे.
घरमा आम्ही तिले बुटी म्हनूत.

चित्र खोडलं.
दोन ओळी लवंगी मिरची,
एक ओळ भरताची वांगी, ही इंदूबाईची अट,
कारण भांडी धुतलेलं पाणी तिच्या हातात.
पंचेचाळीसच्या वर पारा गेला की रोपं टिकायची नाहीत,
तर सावलीला एक जुनं लुगडंही देते म्हणाली.
लोकेशने विचारलं, मिरच्या तोडायच्या का?
स्मारकाला कुणी हात लावतं का?
वर्गात वाद झाला, गणिताचा तास गेला.
शेवटी हर्षाली उठून म्हणाली,
तोडल्या नाहीत तर झाड नव्या धरत नाही.
आणि खाली बसून तिने दप्तर उगाच आवरलं.

राहिला प्रश्न सुट्टीचा.
मे महिन्यात पाणी कोण घालणार?
फळ्यावर वार लिहिले, जमेल त्याने समोर नाव लिहायचं.
सोमवार ते शनिवार मधल्या सुट्टीतच भरले,
गुरुवारी तर तिघं.
रविवार मोकळा.

संध्याकाळी कुलूप लावायला गेले
तर कुणीतरी, बहुधा पहिलीतल्या कुणी,
हात पुरला नाही म्हणून वाकडं, वर चढत गेलेलं,
रविवारसमोर लिहिलं होतं :
बुटी.

पुसलं नाही.
अमळनेरहून रविवारी सकाळची गाडी बंद असते,
दुसरी साडेदहाला, कंडक्टरला विचारून घेतलं.
तोवर ऊन डोक्यावर येईल.
पण टाकीपासून शेडपर्यंत
अंतर काही फार नाही.