अमोनियाची बाटली

आज क्लोरिनेटर उतरवला.
भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला,
चार बोल्टांची भोकं,
आणि पेन्सिलीने लिहिलेला कुणाचा तरी मोबाईल नंबर,
नऊच आकडे.

लोटन भोई म्हणाला,
"ताई, हाऊ मन्हा आधीपाईन आठे व्हता."
आणि मग पाना पुसत बसला,
जो आधीच पुसलेला होता.

काचेच्या नळीत बोराएवढी गोळी असायची,
गॅस किती जातोय ते सांगणारी.
ती तीनवर अडकायची.
खरं किती, गोळीलाही ठाऊक नसेल.
लोटन पान्याने दोनदा टकटक करायचा,
दार वाजवून आहेस का विचारावं तसं,
ती दचकून खाली यायची
आणि त्याची पाठ वळली की पुन्हा तीनवर.
रजिस्टरात मी लिहायचे: ३.०
माझ्या आधीच्या बाईंनीही तेच लिहिलेलं,
सुंदर अक्षरात.

मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
सिलिंडरांवर ओली गोणपाटं टाकायची,
तापलेल्या बैलावर टाकतात तशी.
लोटनच्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली,
आत अमोनिया.
काडीला कापूस, कापसाला दोन थेंब,
आणि एकेका जोडापाशी तो काडी फिरवायचा
ओवाळल्यासारखी.
पांढरा धूर उठला तर गळती तिथे.
नाही उठला तर आम्ही बाहेर निंबाखाली येऊन
गरजेपेक्षा जास्त बोलायचो.

एकदा उठला.
त्या रात्रीचं तो एवढंच सांगतो
की वारा अमळनेरकडून शिवाराकडे होता
आणि शिवारात कुणी नव्हतं.
तेव्हापासून घरात डाळ करपली
तर त्याला शेजारीण सांगते.

निविदा तीनदा निघाली.
पहिल्यांदा एकच आला, म्हणून रद्द.
दुसऱ्यांदा कुणीच नाही.
तिसऱ्यांदा आचारसंहिता.
मग एका गुरुवारी, कुणी वाट पाहत नसताना,
फाटकाशी ट्रक.

थर्माकोलमध्ये निजलेल्या लांब नळ्या.
रावेरचा इरफान तडवी त्या हातमोजे घालूनच उचलत होता.
उघड्या बोटाने शिवू नका, म्हणाला, ठसा जळून राहतो.
उजेडाकडे पाहू नका.
आणि जंतू मरतात असं नाही हं,
त्यांना पुढे पोरंबाळं होत नाहीत, एवढंच.
"मंग नसबंदीच म्हन ना भाऊ!"
लोटन म्हणाला,
आणि त्या खोलीत कित्येक वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी पोटभर श्वास घेऊन हसलं.

संध्याकाळी बटण दाबलं.
झाकणाच्या फटीतून निळसर रेघ,
घोंघावल्यासारखा बारीक आवाज,
वास कसलाच नाही.
मी सवयीने नमुन्यात थेंब टाकले.
पिवळं होईना.
होणारच नव्हतं,
तरी बाटली उजेडाकडे धरून उभी राहिले.
क्लोरीनच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
जंतूंचं उत्तर उद्या, तबकड्या उबवल्यावर.
लोटनने काडी काढून
वायरींचे जोड ओवाळून घेतले.
इरफानने पाहिलं, काही बोलला नाही.

आठ वाजता लाईट गेली.
जनरेटर खोकला, लागला,
पण नळ्यांना तापायला चार मिनिटं लागतात,
इरफान माहितीपुस्तक चाळत म्हणाला,
तेवढं पाणी तसंच जाईल,
फार नाही.

उन्हाळ्यात बोरीला पाणी असतं ते आमचंच.
खाली भिलाबाईच्या शेळ्या पितात,
पोरं दगड मांडून डोह करतात.

मी वळले तर लोटन जागेवर नव्हता.
अंधारात कालव्याच्या गेटचं
गंजलेलं चाक
करकरत फिरत होतं,
आणि तो मोठ्याने मोजत होता,
एकशे अकरा, एकशे बारा,
मध्येच खोकून,
एकशे बारा.