जादा जमा

लेखापरीक्षणाचं आक्षेपपत्र माझ्या हाती आलं
ते पाचव्या दिवशी.
आधी आवक-जावकला कुणाच्या तरी ओल्या छत्रीखाली,
मग मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर,
तिथून पंख्यानं उडून लेखापालाच्या पायाशी.
आक्षेप क्रमांक चौदा:
केपे पालिका, रविवारचा बाजार, सोपो वसुली.
जागा बावीस. सलग अकरा रविवार
मयत महिलेच्या नावे पावत्या.
रक्कम एकशे दहा. जमा आहे.
जादा जमा का आहे, याचा खुलासा करावा.

कमी पडल्याचा खुलासा मला तोंडपाठ आहे:
पाऊस होता, फेस्त होतं, पावतीपुस्तक संपलं होतं.
एकोणीस वर्षं हेच लिहितोय.
जादाचा नमुना कपाटात मिळाला नाही.

सोपो म्हणजे जमिनीवर बसण्याचा कर.
छप्पर नाही, ओटा नाही,
चुन्याची एक रेघ
आणि तिच्या आत दुपारपर्यंत तुमचं राज्य.
दहा रुपये.
(रेघ मारणाऱ्या पेंटरचं बिल
गेल्या वर्षीचंही अडकलंय.)

बावीसला शाणू वेळीप.
मोरपिर्ल्याहून पहिल्या बसनं.
काटेकणगां, अळसांदे, वाटीनं मोजलेली मिरची
आणि दर वेळी तोच तंटा:
"धा रुपया? ही जमीन तुज्या बापायची रे?"
मी म्हणायचो, पालिकेची.
"मागीर पालिकेक सांग, हांगा वतांत बसून दाखय."
मग मिरचीच्या वाटीतूनच नाणं उचलून द्यायची.
त्या दिवशी मी डोळे चोळत नसे.

मेच्या अखेरीला ती गेली.
बसच्या कंडक्टरनं सांगितलं, सुटे मोजता मोजता.
त्याच आठवड्यात मासिक बैठक.
विषय तिसरा, गटार.
विषय चौथा, भटकी कुत्री.
विषय पाचवा, बाजारातल्या रिकाम्या जागा.
नगरसेवक बार्रेटो म्हणाले,
मोबाइलची कव्हरं विकणारा एक होतकरू मुलगा आहे.
होतकरू त्यांच्याच वॉर्डातला.
सूचक, अनुमोदक, चहा.
ठराव: सलग दोन रविवार पावती नसल्यास
जागा रिकामी समजावी.
इतिवृत्ताचा कारकून रजेवर होता,
'समजावी' माझ्याच अक्षरात आहे.

रविवारी पुस्तक उघडलं, कार्बन घातला,
एकवीसची फाडली,
आणि तेवीसकडे वळण्याआधी बावीसचीही फाडली.
खिशातले दहा.
का, ते विचारू नका.
म्हणजे विचारलंयच, क्रमांक चौदा.

तिची सून एकदा आली होती बाजारात,
मान खाली घालून अळसांदे निवडत.
ती येईल असं कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.
पण तेवीसच्या रोझालिनानं
अकरा रविवारांत एक सुका बांगडा
रेघेपलीकडे सरकवला नाही,
आणि हे तिच्या स्वभावात बसत नाही.
एक कुत्रं तेवढं झोपायचं तिथं.
विषय चौथा.

खुलाशाचे तीन कागद झाले.
'नजरचुकीने' लिहिलं. अकरा वेळा नजर चुकत नाही.
'सदर महिला नियमित बसते' लिहिलं,
'ते'चं 'त असे' केलं, मग कागदच चुरगाळला.
तिसऱ्यावर फक्त 'महोदया,' आहे.
लेखापाल म्हणतो, ठेव तसंच,
बाईंची बदली होईल मार्चपर्यंत.

बाराव्या पावतीवर आक्षेप नाही.
माटोळीचा बाजार होता,
रस्ताभर कवंडळं, आंबाडे, घागऱ्यांचे घोस,
आणि गर्दीत टोपली डोक्यावर घेऊन सून उभी.
रोझालिनानं हनुवटीनं जागा दाखवली.
कुत्रं उठलं.
मी नाव विचारलं, लिहिलं,
तिनं पदरातून दहाची नोट काढली.
नवी. बिनतिखट.
एक शब्द बोलली नाही.
मी थांबलो थोडा, पेन तसंच धरून,
काही म्हणेल म्हणून. जमिनीबद्दल, बापाबद्दल.
तेवढ्यात तेवीस नंबर ओरडली,
"पात्रांव, म्हजी फाड मरे, नुस्तें सुकता!"

तिचं नुस्तं घरूनच सुकं येतं.